शिबिर मुलीचे, हौस आईची

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही मुलीला विद्यापीठाच्या नाट्यशिबिराला पाठवलेत. सुटी जवळ आली की पुष्कळजणी त्याविषयी विचारतात, तर चार शब्द बोला." मी म्हटले, "अहो, माझी मजल सातवीपर्यंत. मी भाषण काय करणार?" त्या म्हणाल्या, "अनुभवाला कुठे इयत्ता असते?" तेव्हा घडले ते सांगते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

आधी माझेच सांगते. मी सातवीत असताना शाळेच्या संमेलनात मला जिजाबाईंचे काम मिळाले होते. भाकऱ्या थापता थापता मी सगळे पाठ केले होते. संमेलनाच्या चार दिवस आधी वडील म्हणाले, "पोरीच्या जातीला नाटक कशाला?" झाले! लुगडे घडी करून परत दिले. पुढे हायस्कूल परगावी, म्हणून शाळाही सुटली. त्या जिजाबाई मात्र माझ्या मनात तशाच उभ्या राहिल्या.

आमची धाकटी आठवीची परीक्षा देऊन मोकळी झाली आणि "मला नाटकाच्या शिबिराला जायचे" म्हणाली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! चौकात एक मोठा फलक लागला होता. त्यावर मालिकेतल्या एका नटाचा फोटो आणि खाली 'थेट पडद्यावर जाण्याची संधी'. मी काही चौकशी केली नाही. भिशीचे पैसे आले होते, ते नेऊन भरले.

शिबिर बारा दिवसांचे, मुले साठ आणि शिकवणारे दोन. फोटोतले नट एकदाच आले, तासभर फोटो काढून घेतले आणि गेले. पोशाखाचे पैसे शेवटी वेगळे मागितले. प्रयोगात आमची मुलगी गर्दीत उभी. घरी येताना ती म्हणाली, "आई, बारा दिवसांत मी सात वाक्ये बोलले." मला राग आला. पण खरे सांगते, राग शिकवले नाही याचा नव्हता, तिला मुख्य काम दिले नाही याचा होता. हे मला फार उशिरा उमगले.

पुढच्या वर्षी तिने पुन्हा हट्ट धरला. आता तर दहावीची सुटी. आमच्याकडे ह्यांचे म्हणणे, "क्लास बुडवून नाटक नको." त्यांचेही काही चुकत नव्हते. एकदा पैसे पाण्यात गेलेच होते.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या चुलतभावाचा फोन आला. त्याची मुलगीही अशाच शिबिराच्या शोधात होती. तिकडे हायस्कूलच्या मुलांसाठी विद्यापीठेच उन्हाळ्यात असे वर्ग घेतात. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हायस्कूलच्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग १९३१ पासून चालतात. तिथे अभिनयाप्रमाणे नेपथ्य, प्रकाश अशी पडद्यामागची कामेही शिकवतात. भाऊ म्हणाला, "शिबिराला गेले म्हणजे पुढे त्या विद्यापीठात प्रवेश मिळतोच असे नाही. म्हणून आम्ही नाव बघत नाही. पोरीला काय शिकायचे आहे ते आधी विचारतो."

मुलांचे नाटक आपल्याकडेही काही नवे नाही. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ साली त्यांनी मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केले. रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' हे त्यांचे पहिले नाटक. पण भावाचे बोलणे ऐकून मी विचारात पडले. मी मुलीला काही विचारलेच नव्हते!

मग शहरातल्या एका विद्यापीठाच्या नाट्यविभागाच्या शिबिराची माहिती मिळाली. या वेळी मी स्वतः जाऊन बघून आले. मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.चे तिकीट अर्धे झाले आहे, तेव्हा बघून यायला फार खर्च नाही. तिथे मी काय काय विचारले, ते तुमच्या उपयोगासाठी सांगते.

रोज शिकवणार कोण, हे पहिले विचारावे. फलकावरचे नाव नको, रोज येणाऱ्या माणसाचे विचारावे. एका वर्गात मुले किती? तिथे वीस होती. मुलींसाठी बाई शिक्षिका आहे का, स्वच्छतागृह कुठे आहे, संध्याकाळी किती वाजता सोडतात, हे विचारायला लाजू नये. फीमध्ये पोशाख आणि प्रयोगाचा खर्च धरला आहे का, ते लिहून घ्यावे. एखाद्या दिवशी पालकाला मागे बसून बघता येते का, तेही विचारावे. बघू देत नसतील तर तिथूनच परत फिरावे.

आणि कोणी 'थेट सिनेमात' म्हणाले तर त्याला हात जोडावेत. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण त्यासाठी आधी पदवी लागते. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची नाट्यअकादमी, या वाटाही आपल्याकडे आहेत. पण सगळीकडे आधी शाळा-कॉलेज नीट पार पाडावे लागते. हे ऐकल्यावर ह्यांचाही विरोध मावळला. "सकाळी शिबिर, रात्री दोन तास गणित," या अटीवर परवानगी मिळाली. मुलगी माझ्या नणंदेकडे राहिली. वन्संनी बारा दिवस तिचा डबा केला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

प्रयोगाच्या दिवशी मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. एकेक मूल रंगमंचावर येत होते, आमची काही दिसेना. माझा जीव कासावीस झाला. पुन्हा गर्दीतच का? तेवढ्यात वन्संनी मागे बोट दाखवले. मागच्या खोलीत, काचेआड, आमची मुलगी दिव्यांच्या बटणांपाशी बसली होती. पुढ्यात वही आणि वहीत कोणत्या वाक्याला कोणता दिवा ते लिहिलेले. शेवटच्या प्रवेशात आई दारात उभी राहते आणि हळूहळू उजेड कमी होतो. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. तो उजेड आमच्या मुलीने कमी केला होता.

घरी येताना मी विचारले, "तुला काम नाही का दिले?" ती म्हणाली, "दिले होते, आई. मीच दिवे मागितले. मला लोकांपुढे उभे राहायला नाही आवडत. तुला आवडते."

मैत्रिणींनो, त्यावर मला काही बोलता आले नाही. दोन वर्षे मी माझ्या जिजाबाईंसाठी शिबिर शोधत होते. आता ती दहावीत आहे. विजेचा धडा तिला सगळ्यांत सोपा वाटला, आणि ह्यांनी घरातला बिघडलेला दिवा परवा तिच्याचकडून दुरुस्त करून घेतला.

म्हणून माझी एवढीच विनंती. शिबिराची सगळी चौकशी करा, पण त्याआधी मुलीला जवळ बसवून विचारा, "तुला तिथे काय करायचे आहे?" आणि उत्तर ऐकेपर्यंत गप्प बसा.

माझ्या जिजाबाईंचे म्हणाल, तर ते भाषण मला अजून पाठ आहे. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाने दहा मिनिटे दिली तर मी उभी राहीन. दिवे लावायला आमच्या घरचे माणूस आहेच!