गोवर, लस आणि शरीराची स्मरणशक्ती

(सोसायटीच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी तुमच्यापुढे एकाच रोगाविषयी बोलणार आहे. तो म्हणजे गोवर. आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी आजही म्हणतात, "गोवर काय, सगळ्यांनाच येतो. आला की सुटलो. एकदा झाला की पुन्हा होत नाही." ह्या म्हणण्यातला शेवटचा भाग अगदी खरा आहे. परंतु "आला की सुटलो" हा भाग मात्र खरा नाही. तो का खरा नाही, हे समजण्यासाठी आधी आपले शरीर रोगाशी कसे झुंजते, हे पाहिले पाहिजे.

देवी आणि गोवर हे दोन निरनिराळे रोग आहेत, हे सविस्तर लिहून ठेवणारे पहिले नामांकित वैद्य म्हणजे अबू बक्र अल्-राझी. रय आणि बगदाद येथील रुग्णालयांचे ते प्रमुख होते. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी त्यांनी ह्या दोन रोगांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढे तो युरोपातील भाषांत उतरला आणि तेथील वैद्य तो शेकडो वर्षे वाचत राहिले. रोग्याजवळ बसून, त्याचे डोळे, ताप आणि अंगावरील पुरळ पाहून त्यांनी हा भेद ओळखला. सूक्ष्मदर्शकाचा शोधही तेव्हा लागलेला नव्हता.

आता एकदा झालेला गोवर पुन्हा का होत नाही? ह्याचा एक विलक्षण दाखला उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर मिळाला. तेथे १७८१ साली गोवराची साथ आली आणि त्यानंतर पासष्ट वर्षे गोवर बेटांवर फिरकलाच नाही. १८४६ साली एका जहाजातून आलेल्या माणसाबरोबर तो पुन्हा आला. जेमतेम पावणेआठ हजार वस्ती, त्यातले सहा हजारांच्या आसपास लोक काही महिन्यांत अंथरुणाला खिळले. डेन्मार्क सरकारने पानुम नावाच्या एका तरुण डॉक्टरांना तेथे पाठविले. गावोगाव हिंडताना त्यांना अठ्ठ्याण्णव वृद्ध माणसे अशी भेटली की ज्यांना १७८१ च्या साथीत, म्हणजे बालपणी, गोवर झालेला होता. त्यांपैकी एकालाही तो दुसऱ्यांदा झाला नाही. पासष्ट वर्षे त्यांच्या शरीराने शत्रूचा चेहरा लक्षात ठेवला होता!

ही स्मृती कोठे राहते? आपल्या रक्तात, तसेच मान, काख आणि जांघ येथील गाठींत पांढऱ्या पेशी असतात. एखाद्या चावीवाल्याच्या कमरेला लाखो चाव्यांचा जुडगा लटकत आहे, अशी कल्पना करा. गंमत अशी की ह्या चाव्या कुलूप पाहून केलेल्या नसतात. प्रत्येक पेशीपाशी एकच चावी असते, आणि ती कुलूप येण्याच्या आधीच घडवून ठेवलेली असते. रोगाचा विषाणू शरीरात शिरला की काही टेहळ्या पेशी त्याचे तुकडे घेऊन जवळच्या गाठीत जातात आणि तेथे ज्या पेशीची चावी त्याला लागते तिचा शोध सुरू होतो. ती सापडली की तीच पेशी एकाच्या दोन, दोनाच्या चार अशी वाढू लागते. हाताच्या जखमेने काखेत अवधाण येते, ते ह्याच गडबडीचे चिन्ह आहे. ह्या पेशींतून प्रतिपिंडे तयार होऊन रक्तात उतरतात व विषाणूला चिकटून त्याला निकामी करतात. दुसऱ्या काही पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशींनाच नष्ट करतात.

अडचण वेळेची आहे. पहिल्या वेळी ह्या सगळ्या तयारीला आठवडा ते दहा दिवस लागतात, आणि तेवढ्यात विषाणूने घर बळकावलेले असते. लढाई आटोपल्यावर बहुतेक पेशी मरून जातात, मात्र काही स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. दुसऱ्या वेळी त्या झटपट कामाला लागतात. लस एवढेच करते. लस स्वतः रोग बरा करीत नाही, ती केवळ शरीराला धडा देते. गोवराच्या लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. १९५४ साली अमेरिकेत एका शाळकरी मुलाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा काढण्यात एंडर्स आणि पीबल्स ह्या शास्त्रज्ञांना यश आले, आणि त्यापासून वाढवीत-दुबळा करीत १९६३ साली लस तयार झाली. त्या मुलाचे आडनाव, एडमन्स्टन, आजही आपल्याकडील लशीच्या वाणाला चिकटलेले आहे. लस टोचल्यावर आठवडाभराने एखाद्या बाळाला थोडा ताप येतो, क्वचित पुरळही उठते. माता घाबरतात. पण शरीर धडा गिरवीत असल्याची ती खूण होय.

आता "आला की सुटलो" ह्या म्हणण्याकडे येतो. गोवराचा विषाणू इतरांहून अधिक लबाड आहे. तो ज्या पेशींत शिरतो त्यांत ह्या स्मृतिपेशीच प्रामुख्याने असतात. म्हणजे चोराने घरात शिरून प्रथम राखणदारालाच गाठावे, तसे. २०१३ साली नेदरलँड्समध्ये गोवराची साथ आली. तेथील काही कट्टर प्रोटेस्टंट पंथीय कुटुंबे मुलांना लस टोचीत नाहीत. (असे फक्त आपल्याच वस्त्यांत घडते, असे कोणी समजू नये.) अशा सत्त्याहत्तर मुलांचे आजारापूर्वीचे व नंतरचे रक्त शास्त्रज्ञांनी तपासले आणि निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध केला. इतर रोगांविरुद्धच्या निरनिराळ्या प्रतिपिंडांपैकी कोणाची ११ टक्के, तर कोणाची तब्बल ७३ टक्के नाहीशी झालेली होती! मूल गोवरातून उठते, अंगावरचे डाग जातात, घरचे निश्चिंत होतात. पण त्याने पूर्वी कमावलेल्या शिदोरीतला मोठा वाटा लुटला गेलेला असतो. मग पुढे त्याला न्यूमोनिया गाठतो, जुलाब गाठतात, आणि दोष हवेला किंवा दृष्टीला दिला जातो. लशीतला दुबळा विषाणू अशी लूट करीत नाही.

हे लांबच्या देशाचे झाले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत, तसेच भिवंडीत व मालेगावात गोवर उसळला आणि काही बालके दगावली. बाधितांत लस न घेतलेली मुले मोठ्या संख्येने होती. दाट वस्ती, कुपोषण, करोनाच्या काळात खंडित झालेले लसीकरण, कामासाठी सारखे बदलणारे बिऱ्हाड, अशी अनेक कारणे त्यामागे होती. सगळा दोष आईबापांवर टाकणे मला अन्यायाचे वाटते. पण अफवांचाही त्यात वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. "ह्या सुईने पुढे मुले होत नाहीत," ही त्यातली सर्वांत जुनी अफवा. आपल्या देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस १९८५ पासून आहे. त्या वर्षांत ज्या मुलींना ती टोचली, त्यांचीच मुले आज कॉलेजात शिकत आहेत. ह्याहून निराळा पुरावा कशाला शोधावा?

दुसऱ्या डोसाविषयी मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण चूक येथेच होते. पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाच्या अंगात असतात आणि ती लशीतला विषाणूही मारून टाकतात. नवव्या महिन्यात टोचलेल्या शंभर बाळांपैकी सुमारे पंच्याऐंशी धडा शिकतात. उरलेली पंधरा जणू वर्गात असूनही गैरहजर राहतात. सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यानचा दुसरा डोस मुख्यतः त्यांच्यासाठी पुन्हा घेतलेला तास आहे. ते पंधरा कोण, हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून तो सर्वांनाच द्यावा लागतो. विद्यार्थी मित्रांनो, दहाव्या व सोळाव्या वर्षी तुम्हांला मिळणारी धनुर्वात-घटसर्पाची लस ही मात्र खरोखरच उजळणी असते. त्या रोगांची स्मृती काळाने पुसट होते.

लस न घेतलेल्या समुदायात गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच तो पसरू लागतो, आणि रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तेथील हवेत राहू शकतो. म्हणून साथ रोखायची तर शंभरातले पंच्याण्णव सुरक्षित हवेत. चाळीस मुलांच्या वर्गात हे गणित अडतीसचे होते. सुटलेली दोन मुले इतरांच्या आडोशाने वाचतात. आणि तो आडोसा खरे तर कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलासाठी, किंवा नऊ महिन्यांच्या आतील तान्ह्या बाळासाठी राखून ठेवायचा असतो.

भाषणापूर्वी एका भगिनीने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, मुलगा तीन वर्षांचा झाला. दुसरा डोस राहून गेला, कार्डही हरवले. आता पहिल्यापासून सुरू करावे लागेल का?" नाही. घेतलेला डोस वाया जात नाही, राहिलेला तेवढा घ्यावा. पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो. कार्ड हरवले असेल तर जेथे पहिला डोस दिला तेथील नोंदवहीत नाव शोधता येते, अंगणवाडीताई किंवा आशाताई मदत करतात. आणि नोंद सापडलीच नाही, तर लस पुन्हा टोचून घेण्यात काही धोका नाही. ज्याला धडा आधीच पाठ आहे, त्याच्या शरीरातील प्रतिपिंडे लशीतल्या विषाणूला तेथल्या तेथे निकामी करतात.