चाकांवरच्या घराचा कायमचा पत्ता

आपल्याकडचा कुठलाही सरकारी अर्ज घ्या, त्यात दोन रकाने हमखास असतात. सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. बहुतेकजण दुसऱ्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होतात. आमचं मात्र उलटं आहे. सध्याचा पत्ता दर पंधरा दिवसांनी बदलतो आणि कायमचा पत्ता विचार करून निवडावा लागतो.

'आमचं' म्हणजे अमेरिकेत आरव्हीमध्ये राहणाऱ्यांचं. आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. बसएवढी मोटार, नाहीतर मोटारीला जोडून ओढून न्यायचं घर. आत पलंग, ओटा, फ्रीज, न्हाणीघर, सगळं असतं. सुटीपुरतं असं वाहन वापरणारे तिथं खूप आहेत. पण काहीजण राहतं घर विकून बारा महिने त्यातच राहतात. निवृत्तीनंतर मी आणि माझी पत्नी त्यांच्यातलेच झालो. न्यू जर्सीतलं घर विकलं तेव्हा मित्रांनी डिझेलचा खर्च विचारला, थंडीचं विचारलं, चोराचिलटांचं विचारलं. पण खरा प्रश्न विचारला तो बँकेतल्या मुलीनं. "आता तुमचा पत्ता काय लिहू?"

प्रश्न साधा वाटतो, पण तो तसा नाही. अमेरिकेत वाहन चालवायचा परवाना राज्य देतं, गाडीची नोंदणी राज्य करतं, मतदार यादी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची असते. केंद्राच्या आयकराशिवाय बहुतेक राज्यांचा स्वतःचा आयकर असतो. आरोग्य विम्याचा हप्तासुद्धा तुम्ही कुठल्या काउंटीत राहता यावर ठरतो. २००१ सालच्या पॅट्रियट कायद्याखालचे नियम २००३ मध्ये लागू झाले. तेव्हापासून बँकेत खातं उघडताना नुसती पोस्टाची पेटी चालत नाही, रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक असलेला पत्ता लागतो. थोडक्यात, पत्ता नसलेला माणूस कागदावर जवळजवळ नसतोच.

पत्ता निवडायला मिळणं हीसुद्धा चैनच म्हणायची. नेवाडा राज्यात एम्पायर नावाचं एक छोटं गाव होतं. जिप्समच्या कारखान्यावर जगणारं. २०११ साली कारखाना बंद झाला, घरं रिकामी झाली आणि गावाचा पिनकोडही रद्द झाला. जेसिका ब्रूडर यांच्या २०१७ सालच्या 'नोमॅडलँड' या पुस्तकात या गावाची हकिगत आहे. त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. घरभाडं परवडत नाही म्हणून व्हॅनमध्ये राहणारी वयस्क माणसं त्यात दिसतात. आम्ही हौसेनं निघालो, ती नाइलाजानं निघाली. पण पत्त्याचा प्रश्न दोघांनाही सारखाच.

आता निवड कशी करायची? डोमिसाइल हा शब्द आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात मुलांच्या कॉलेज प्रवेशासाठी डोमिसाइलचा दाखला काढताना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जमवताना पालकांची दमछाक होते. अमेरिकेतल्या कायद्यात वर्षांपेक्षा इराद्याला महत्त्व आहे. जिथं कायम राहायचा, किंवा कुठंही गेलात तरी जिथं परत यायचा तुमचा इरादा आहे, ते तुमचं डोमिसाइल. ते एका वेळी एकच असतं. आणि नवं मिळेपर्यंत जुनं सुटत नाही. न्यू जर्सीची हद्द ओलांडली म्हणजे न्यू जर्सी सुटली, असं नव्हे. परवाना, गाडीची नोंदणी, मतदार यादी, बँक, मृत्युपत्र, सगळं नव्या राज्यात न्यावं लागतं. तसं केलं नाही तर जुनं राज्य आयकराची मागणी घेऊन मागं येऊ शकतं.

आमच्यासारख्यांमध्ये तीन राज्यांची नावं नेहमी घेतली जातात. साउथ डाकोटा, टेक्सास आणि फ्लोरिडा. तिन्ही राज्यांत राज्याचा वेगळा आयकर नाही. आणि तिन्हीकडं टपाल सांभाळणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्याकडं तुम्हाला एक पत्ता मिळतो. पोस्टाचा १५८३ क्रमांकाचा फॉर्म भरून तुमचं टपाल घ्यायचा अधिकार तुम्ही त्यांना देता. महिन्याकाठी ते सगळ्या पत्रांचा गठ्ठा बांधून, तुम्ही ज्या गावी असाल तिथल्या पोस्टात पाठवून देतात.

साउथ डाकोटा सगळ्यात सोपं. गेल्या वर्षभरात तिथं एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवली, प्रतिज्ञापत्र लिहून दिलं की परवान्याचं काम होतं. पंधरा वर्षं कुठं आणि एक रात्र कुठं! वाहन खरेदीवरचा करही तिथं ४ टक्के, म्हणजे लाख डॉलरच्या आरव्हीवर ४ हजार डॉलर. टेक्सासात हाच कर सव्वासहा टक्के आणि फ्लोरिडात ६ टक्के, वर काउंटीचा थोडा अधिभार. टेक्सासात खासगी गाड्यांची दरवर्षीची सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली. ह्यूस्टनसारख्या मोठ्या शहरांच्या काउंट्यांत धुराची चाचणी मात्र राहिली. फ्लोरिडात कोर्टाच्या कारकुनाकडं डोमिसाइलचं रीतसर घोषणापत्र नोंदवता येतं, त्यामुळं कागद पक्का होतो, पण वाहनविम्याचे हप्ते तिथं भारी.

हा हिशेब वहीत मांडला तर साउथ डाकोटा पहिला येतो. अनेकजण इथंच थांबतात. मला वाटतं, खरा विचार इथून सुरू होतो.

पहिली गोष्ट आजारपण. पासष्टी ओलांडलेल्यांना मेडिकेअर मिळतं. मूळ सरकारी मेडिकेअर देशभर चालतं, त्यामुळं आमची सोय झाली. पण त्याहून तरुण माणसांनी आधी विमाच पाहावा. बऱ्याच पॉलिसी आपल्या भागातल्या ठरावीक डॉक्टरांपुरत्याच असतात. आणीबाणी असेल तर कुठंही उपचार मिळतात, पण डायलिसिस, केमोथेरपी किंवा दर तीन महिन्यांची तपासणी ही आणीबाणी नसते. करात वाचलेले दोन हजार डॉलर एका आजारात जातात.

दुसरी गोष्ट मत. साउथ डाकोटानं २०२३ मध्ये कायदा केला, की मतदार म्हणून नोंदवायचं तर आधी ३० दिवस राज्यात राहायला हवं. आरव्हीवाले यावर खूप चिडले. मला मात्र गावकऱ्यांचं म्हणणं कळतं. ज्या गावाच्या शाळेत आपलं पोर नाही, ज्याच्या रस्त्यावरून आपण वर्षात एकदा जातो, तिथला कारभारी आपण का निवडावा? पण मग आम्ही मत द्यायचं तरी कुठं? याचं सोपं उत्तर नाही. एवढं खरं, की जिथला पत्ता घ्याल तिथं वर्षातून काही दिवस तरी राहावं. कधी ज्युरीचं बोलावणं आलं तर जावं लागतंच.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. एक दिवस गाडी थांबणार आहे. बारा टनांची मोटार रिव्हर्स घेणं मला जमेनासं होईल, किंवा आम्हा दोघांतलं एक उरेल. त्या दिवशी आपल्याला कुठं असायला आवडेल?

या प्रश्नाचा विचार एका क्लबनं फार आधी केला. एस्केपीज हा आरव्हीवाल्यांचा क्लब के आणि जो पीटरसन या दांपत्यानं १९७८ मध्ये सुरू केला. टेक्सासच्या पोल्क काउंटीत लिव्हिंग्स्टन नावाचं गाव आहे, तिथं त्याचं मुख्य ठाणं. क्लबची टपालसेवाही तिथूनच चालते. पण त्याहून मला महत्त्वाचं वाटलं ते तिथलं केअर नावाचं केंद्र. ज्यांना प्रवास झेपेनासा झाला त्यांनी आपली आरव्ही तिथंच लावावी, तिच्यातच राहावं, आणि जेवणखाण व डॉक्टरकडं नेण्या-आणण्याची सोय केंद्रानं करावी, अशा कल्पनेतून ते उभं राहिलं.

आम्ही टेक्सास निवडलं. आमची मुलगी ह्यूस्टनला असते. लिव्हिंग्स्टनहून ते मोटारीनं साधारण सव्वा तासावर. भारतीय वकिलातही ह्यूस्टनलाच आहे आणि टेक्सासवासीयांची ओसीआयची कामं तिच्याकडंच जातात. साउथ डाकोटाचा पत्ता घेतला असता तर सिॲटलकडं पाहावं लागलं असतं. वाहनावर आम्ही थोडा जास्त कर भरला. पत्नी म्हणाली, "लेकीच्या गावाजवळ असण्याचे पैसे समज." मी तसंच समजतो.

असं आयुष्य निवडणारे मराठी लोक आता अधूनमधून भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो. कराचा तक्ता जरूर पाहा, पण शेवटी पाहा. आधी तुमचा डॉक्टर कुठं आहे ते पाहा. मग वर्षातून महिनाभर आनंदानं राहावं असं गाव कुठलं ते ठरवा. आणि गाडी थांबेल त्या दिवशी दार वाजवायला कोण येईल, याचा दोघांनी बसून, मोकळेपणानं विचार करा. या तिन्हींचं उत्तर एकाच राज्यात सापडलं तर कागदपत्रांचं काम महिन्याभरात उरकतं.