घरगुती पल्स मोटार : रचना, जुळणी आणि पारख

(विज्ञान शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एक हलके चाक, चार-सहा लोहचुंबक, तांब्याच्या तारेचे एक वेटोळे आणि एक ट्रान्झिस्टर एवढ्या साहित्यातून स्वतः फिरणारे आणि फिरता फिरता दुसरी बॅटरी भारणारे यंत्र घरच्या घरी तयार करता येते, हे ऐकून कोणासही नवल वाटेल. पण त्यात जादू नाही. हे यंत्र खरोखरच बनते, फिरते आणि बॅटरीही भारते. विद्यार्थ्यांना विद्युतचुंबकत्वाचे धडे प्रत्यक्ष दाखविण्यास याहून स्वस्त साधन क्वचितच मिळेल. मात्र याच यंत्राविषयी, 'ते घेते त्याहून अधिक वीज देते' असे सांगणारेही पुष्कळ आहेत, आणि अशा सांगण्यावर विसंबून कष्टाचा पैसा गुंतविणाऱ्याच्या पदरी निराशाच येते. सबब यंत्र बांधावे कसे, त्याची जुळणी करावी कशी आणि त्याची पारख करावी कशी, या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम या यंत्रामागील तत्त्व पाहू. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलले की तारेत विद्युत्दाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले. पुढील वर्षी, म्हणजे १८३२ साली, अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. लांब तारेतून वाहणारा प्रवाह एकाएकी तोडला असता तुटल्या जागी जोरदार ठिणगी पडते. वेटोळ्याभोवती साठलेले चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि त्यातील ऊर्जा क्षणभर फार मोठ्या दाबाने बाहेर पडू पाहते. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटमधील चोक आणि स्टार्टर याच तत्त्वावर चालतात. स्टार्टर प्रवाह तोडतो, चोक धक्का देतो आणि नळी उजळते. मोटारगाडीच्या इग्निशन कॉइलमध्येही हेच घडते. पल्स मोटारीत हा धक्का ठिणगीच्या रूपाने वाया न घालविता डायोडमार्गे दुसऱ्या बॅटरीत वळविलेला असतो, एवढेच तिचे वैशिष्ट्य होय.

या रचनेचा प्रसार मुख्यतः अमेरिकेतील जॉन बेदिनी यांच्या प्रयोगांमुळे झाला. त्यांनी १९८४ साली या विषयावर एक पुस्तिका काढली. पुढे २००२ व २००३ साली अशा मोटारींसाठी त्यांना अमेरिकन पेटंटेही मिळाली. २०१६ साली त्यांचे निधन झाले. पेटंट मिळाले म्हणजे यंत्राविषयी केलेला प्रत्येक दावा सिद्ध झाला, असे मात्र नव्हे, हे येथेच लक्षात ठेवावे.

आता साहित्याकडे वळू. चाक प्लॅस्टिकचे, ॲल्युमिनियमचे किंवा प्लायवूडच्या तबकडीचे असावे आणि ते बेअरिंगवर अगदी हलके फिरावे. सायकलचे पुढचे चाकही चालते. चाकाच्या परिघावर सारख्या आकाराचे फेराइट चुंबक समान अंतरावर चिकटवावेत. सर्वांचे एकच टोक बाहेर असले पाहिजे. कोणत्याही दोन चुंबकांची बाहेर येणारी तोंडे समोरासमोर धरली असता ती एकमेकांस दूर लोटतात, ही त्याची साधी खूण. गतीत चुंबक निखळून उडू नयेत म्हणून त्यांच्यावरून मजबूत चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्यावेत.

वेटोळे हे या यंत्राचे हृदय होय. एका फिरकीवर दोन तारा एकत्र धरून गुंडाळाव्यात. एक २१ गेजची, ही मुख्य तार. दुसरी २४ गेजची, ही इशाऱ्याची तार. प्रत्येकी सुमारे ४० मीटर लांबी पुरते. मोटार वाइंडिंग करणाऱ्या दुकानात ही एनॅमलची तार सहज मिळते. फिरकीच्या पोकळीत एकच जाड लोखंडी गज न घालता वेल्डिंगच्या बारीक सळया, वरचा लेप असल्यास तो काढून, वॉर्निश लावून ठासून भराव्यात. जाड गजात भोवरी प्रवाह निर्माण होऊन ऊर्जा उष्णतेत वाया जाते. बारीक सळयांत तो तोटा कमी होतो.

जोडणी पुढीलप्रमाणे करावी. मुख्य तारेचे एक टोक पहिल्या बॅटरीच्या धन अग्रास आणि दुसरे ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडावे. एमिटर बॅटरीच्या ऋण अग्रास जोडावा. इशाऱ्याच्या तारेचे एक टोक १०० ओहमचा रोध आणि १,००० ओहमचा बदलता रोध यांतून बेसला, तर दुसरे एमिटरला जोडावे. बेस व एमिटर यांच्यामध्ये उलट दिशेने एक छोटा डायोड ठेवावा. कलेक्टरपासून १एन४००७ हा डायोड दुसऱ्या बॅटरीच्या धन अग्राकडे न्यावा आणि दुसऱ्या बॅटरीचे ऋण अग्र पहिल्या बॅटरीच्या धन अग्राशी जोडावे. २एन३०५५ हा ट्रान्झिस्टर स्वस्त असला, तरी त्याची सहनशक्ती सुमारे ६० व्होल्टचीच आहे. २५० व्होल्ट सोसणारा एमजेएल२११९४ अधिक भरवशाचा ठरतो. कलेक्टर व एमिटर यांच्यामध्ये निऑनचा छोटा दिवा लावल्यास तो संरक्षणही देतो आणि काही बिघडल्यास पेटून इशाराही देतो.

चाकास हाताने गती दिली की पुढील क्रम घडतो. चुंबक लोखंडी गाभ्याकडे आपोआप ओढला जातो. तो गाभ्यावरून पुढे सरकू लागताच इशाऱ्याच्या तारेतील दाबाची दिशा उलटते, ट्रान्झिस्टर खुला होतो, मुख्य तारेतून प्रवाह वाहतो आणि वेटोळे चुंबकास दूर लोटते. लगेच इशारा मावळतो, ट्रान्झिस्टर बंद होतो आणि कोसळत्या क्षेत्राचा धक्का दुसऱ्या बॅटरीत जातो. प्रत्येक चुंबकामागे ही क्रिया एकदा होते.

या यंत्राचा खरा कस लागतो तो जुळणीत. वेटोळे आणि चुंबक यांत सुमारे ३ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. बदलता रोध सर्वात अधिक ठेवावा. चाकास हाताने गती देऊनही ते वेग धरत नसेल, तर इशाऱ्याच्या तारेची दोन टोके आपसांत बदलून पाहावीत. चाक थांबलेले असताना वेटोळ्यातून बारीक शीळ ऐकू येत असेल, तर ट्रान्झिस्टर चाकावाचून आपणच उघडझाप करीत आहे असे समजून रोध वाढवावा. त्यानंतर रोध हळूहळू कमी करीत जावे आणि प्रत्येक पायरीवर वेग स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे. एका विशिष्ट ठिकाणी चाकाचा वेग चढतो आणि त्याच वेळी पहिल्या बॅटरीतून घेतला जाणारा प्रवाह उतरतो. तीच योग्य जुळणी. त्याहून रोध कमी केला, तर एका चुंबकामागे दोन-दोन ठोके पडू लागतात, प्रवाह वाढतो आणि वेग मात्र घटतो. मिडियम वेव्हवर लावलेला छोटा रेडिओ जवळ ठेवला तर हे ठोके 'टक्-टक्' असे स्पष्ट ऐकू येतात, आणि एकेरी ठोके कोणते व दुहेरी कोणते, हे मुलांनाही कानाने ओळखता येते.

काही पथ्ये कटाक्षाने पाळली पाहिजेत. दुसरी बॅटरी जोडल्याखेरीज यंत्र कधीही चालवू नये. धक्क्याला वाट न मिळाल्यास ट्रान्झिस्टर जळतो, आणि उघड्या तारेचा झटका माणसासही बसतो. शिशाच्या बॅटरीत सल्फ्युरिक आम्ल असते आणि भारताना हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून प्रयोग हवेशीर जागी, ठिणगी व विस्तव यांपासून दूर करावा. १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब भारताना सुमारे १४.४ व्होल्टवर पोचला की भारणे थांबवावे.

जुनी बॅटरी या ठोक्यांनी पुन्हा जिवंत होते, असेही सांगितले जाते. त्यात तथ्याचा अंश आहे. रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिसे-सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. मंद गतीने दीर्घकाळ भारल्याने त्यांतील काही विरघळतात आणि थोडी क्षमता परत येते. परंतु आतील पट्टी झिजली वा घर शॉर्ट झाले, तर कोणताही ठोका ते सांधू शकत नाही. अशी बॅटरी उघड्यावर न फोडता २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांस अनुसरून संकलन केंद्राकडे किंवा विक्रेत्याकडे परत द्यावी. शिसे हे विहिरीच्या पाण्याचे आणि मुलांच्या प्रकृतीचे शत्रू आहे.

आता पारखेचा प्रश्न. अखंड फिरणाऱ्या चाकाचे आकर्षण माणसास फार जुने आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीतही पोकळ आऱ्यांत पारा भरलेल्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन आढळते. पुढे असे असंख्य आराखडे आले आणि अखेर १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासण्यासच नकार दिला. गावाला किंवा शाळेला मात्र नकार देण्याचीही गरज नाही. तपासणी सोपी आहे, ती करून पाहावी.

दुसऱ्या बॅटरीवर १२ व्होल्ट, ५ वॅटचा दुचाकीचा दिवा लावावा आणि दाब ११.८ व्होल्टवर येताच काढावा. मग ती बॅटरी पल्स मोटारीने भारावी आणि पहिल्या बॅटरीतून किती प्रवाह, किती तास घेतला, याची वहीत दर अर्ध्या तासाला नोंद करावी. प्रवाह ठोक्यांनी वाहत असल्याने सुईचा ॲम्पिअरमापक वापरणे बरे. त्यानंतर बॅटरीस रात्रभर विश्रांती द्यावी आणि सकाळी तोच दिवा पुन्हा ११.८ व्होल्ट होईपर्यंत जाळावा. समजा, १२ व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर प्रवाह १० तास घेतला. खर्च ६० वॅट-तास झाला. दिवा ६ तास जळला असेल, तर मिळकत ३० वॅट-तास, म्हणजे निम्मी. हे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाचा आकडा निराळा येईल, पण मिळकत खर्चाच्या आतच राहील. उरलेली ऊर्जा तार, ट्रान्झिस्टर, बेअरिंग, हवा आणि खुद्द बॅटरी यांत उष्णता होऊन गेलेली असते.

मग इतके लोक फसतात कसे? बहुधा ते दिव्याऐवजी व्होल्टमापकावर विसंबतात. ठोके सुरू असताना मापक भलताच आकडा दाखवितो, आणि भारणे थांबल्यावरही काही वेळ बॅटरीचा दाब फसवा चढलेला असतो. दाब म्हणजे साठा नव्हे. टाकीच्या नळाशी पाण्याचा जोर दिसला, म्हणून टाकी भरलेली आहे असे ठरत नाही. दोन बॅटऱ्यांची अदलाबदल करून यंत्र अखंड चालेल, असे म्हणणाऱ्यासमोर ती अदलाबदल दहा-बारा वेळा करून दाखवावी. दोन्ही बॅटऱ्या क्रमाक्रमाने खाली येताना दिसतील.

तात्पर्य, ज्या घरास उजेड हवा आहे, त्याने सौर तबकडी आणि चार्ज नियंत्रक घ्यावा. तेथे ऊर्जा बाहेरून, सूर्याकडून येते. पल्स मोटारीत ती केवळ एका बॅटरीतून दुसरीत, वाटेत सांडत सांडत, जाते. आणि कोणी 'इंधनावाचून चालणारे' जनित्र विकावयास आला, तर पैसे देण्यापूर्वी त्यास दिवा, घड्याळ आणि वही यांच्यासमोर रात्रभर बसवावे. खऱ्या यंत्रास या परीक्षेचे भय नसते.

शाळेत मात्र या मोटारीस अवश्य जागा द्यावी. स्वतः गुंडाळलेल्या वेटोळ्याने चाक गती घेताना पाहिलेला विद्यार्थी फॅरडे आणि हेन्री यांस विसरत नाही. त्याच यंत्राचा जमाखर्च ज्याने स्वतःच्या हाताने मांडला, तो पुढे कोणाच्याही बोलण्यावर सहसा भुलत नाही. गावाच्या दृष्टीने ही दुसरी शिकवण पहिलीपेक्षा अधिक मोलाची आहे.