यंत्र हाती, विद्यार्थी दृष्टीपुढे


वर्गात तंत्रज्ञान असावे की नसावे, हा वाद आता जुना झाला. १९७५-७६ साली ‘साइट’ प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. २००४ साली खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ झेपावला. पडदा खेड्यापर्यंत नेणे देशाला केव्हाच साधले. खरा प्रश्न पडद्यासमोर बसलेल्या मुलाचा आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोडवर मोबाईल धरला की कविता ऐकू येई, पाठाची चित्रफीत दिसे. पुढे ‘बालभारती’च्या पुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांत वाटून दिली. साधन नवे असले, तरी त्यामागची दृष्टी शिक्षकाचीच होती.

त्याच वर्षी टाळेबंदीत शाळा बंद झाल्या. ज्या घरी एकच मोबाईल आणि तोही वडिलांबरोबर कामावर, तेथील मुलाचा वर्ग भरलाच नाही. शेवटच्या बाकापर्यंत न पोहोचणारे साधन विषमतेची दरी रुंदच करते.

म्हणून भावी शिक्षकाने पडदा उजळण्यापूर्वी मागच्या बाकाकडे पाहावे. चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारावा. वीज गेली, तरी तोच पाठ खडू-फळ्यावर शिकविण्याची सिद्धता ठेवावी. यंत्र माहिती देईल. अडखळलेल्या मुलाच्या पाठीवर हात मात्र शिक्षकानेच ठेवायचा असतो.