ती रडत का नाही?

(विश्वस्त व देणगीदारांच्या वार्षिक सभेत मानसोपचार विभागाच्या वतीने झालेले भाषण)



लैंगिक अत्याचारानंतर रुग्णालयात आणलेल्या मुलीचे नातेवाईक पुष्कळदा आम्हांला बाजूला घेऊन विचारतात, "ती रडत का नाही?" या प्रश्नात काळजी असते, कधी कधी, सांगणे जड जाते, पण संशयही असतो. आज आम्ही एवढ्या एकाच प्रश्नाविषयी बोलू इच्छितो.

अमेरिकेतील बॉस्टनच्या सार्वजनिक रुग्णालयात तातडीच्या विभागात येणाऱ्या अत्याचारग्रस्त स्त्रियांशी अ‍ॅन बर्जेस व लिंडा होल्मस्ट्रॉम या दोन अभ्यासक स्वतः बोलल्या आणि १९७४ साली त्यांनी आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. काही स्त्रिया रडत, थरथरत, संतापत; काही अगदी शांत, जणू काही घडलेच नाही अशा बसून राहत. हे दोन्ही प्रकार सारख्याच प्रमाणात आढळले. शांत राहणे हाही आघात सोसण्याचाच एक मार्ग आहे. प्रत्यक्ष घटनेच्या वेळीही कित्येकींचे अंग लाकडासारखे होते, आवाज फुटत नाही. भयापोटी शरीर हे आपोआप करते; त्यावर इच्छेचा ताबा चालत नाही. पुरुषांच्या व मुलग्यांच्या बाबतीतही हेच घडते, आणि ते तर बोलतच नाहीत.

हे न उमगल्याची किंमत महाराष्ट्रातही मोजावी लागली. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा, 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखला जाणारा खटला उभा राहिला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, या गोष्टींना महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरविले. पुढील वर्षी चार कायदेपंडितांनी त्या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले आणि त्यातून देशभर चळवळ उभी राहिली. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे कायद्याच्या शब्दांत येण्यास मात्र २०१३ साल उजाडले. घरांतून दिले जाणारे निकाल अजूनही जुन्याच धर्तीचे असतात.

पुढील आठवड्यांत मुलगी दिवा लावून झोपते, वारंवार अंघोळ करते, ठरावीक रस्ता टाळते. एखादी तिसऱ्याच दिवशी कॉलेजला जाण्याचा हट्ट धरते. घरच्यांना वाटते, ही सावरली, किंवा हिला काहीच वाटले नाही. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. पुष्कळजणींचा त्रास काही महिन्यांत हळूहळू ओसरतो. दुःस्वप्ने, दचकणे, सुन्नपणा महिन्यापलीकडे टिकून रोजचे जगणे अडू लागले, तर उपचार घ्यावेत. आघातावर केंद्रित मानसोपचाराने बऱ्याच जणींना गुण येतो. घटना पुनःपुन्हा वदवून घेतल्याने मन मोकळे होते, हा समज मात्र आता टिकलेला नाही. ती बोलेल तेव्हा ऐकावे, गप्प राहील तेव्हा जवळ बसावे. "लग्न लावून टाकू" असे सुचविणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही नम्रपणे, पण स्पष्ट सांगतो की लग्न हा यावरचा उपचार नव्हे.

वेळेची एक गोष्ट सर्वांनी ध्यानात ठेवावी. एचआयव्ही टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत, आणि गर्भधारणा टाळण्याची गोळी ५ दिवसांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, घ्यावी लागते. पोलिसांत तक्रार झाली नसली तरी उपचारांसाठी थांबू नये. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने प्रथमोपचार व उपचार विनामूल्य द्यावेत, असे बंधन २०१३ पासून कायद्यानेच घातले आहे.

कायदा पहिल्या दिवसाचा विचार करतो. सहाव्या महिन्यात जी मुलगी प्रथमच बोलू लागते, तिच्यासमोर बसणाऱ्या समुपदेशिकेचे वेतन आपल्या देणग्यांतून दिले जाते. तिची खोली तळमजल्यावर, नेहमीच्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेतच आहे. दारावर वेगळी पाटी आम्ही मुद्दामच लावलेली नाही.