कुठपर्यंत आलंय, दाखव



मघाशी सभागृहाच्या दाराशी दोघीजणी एकमेकींना आवाजावरून ओळखत होत्या. तीन वर्षं एका गटात अभ्यास केला, पण भेट आज पहिल्यांदा झाली. तुमच्यातल्या अनेकांचं असंच आहे. प्रवेश, तासिका, स्वाध्याय, सगळं मोबाइलवर झालं. पदवी घ्यायला मात्र रात्रीची एसटी धरून आलात. घरच्यांना घेऊन आलात. तुम्हा सर्वांचं मनापासून अभिनंदन.

मी संख्याशास्त्र शिकवते. वीस वर्षं फळ्यासमोर शिकवलं, मग ऑनलाइन अभ्यासक्रमाकडे आले. आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत हे मोजणाऱ्या प्रमाण विचलनाचा पाठ मी बावीस मिनिटांत ध्वनिचित्रमुद्रित केला. आवाज स्वच्छ होता, आकृत्या सुबक होत्या. मला वाटलं, हा पाठ शिकवून झाला.

एका रात्री अकरानंतर संदेश आला. विद्यार्थी एसटीत वाहक होते. ‘मॅडम, तीनदा केलं, शून्यच येतंय. मला हा विषय जमणार नाही.’ सोबत कागदाचा फोटो होता, मधोमध घडी पडलेला. माझं उदाहरण सोडून त्यांनी स्वतःच्या पाच फेऱ्यांचे प्रवासी मांडले होते : ४४, ३१, ५२, ३६, ३७. सरासरी ४०. मग प्रत्येक फेरीतला फरक : अधिक ४, उणे ९, अधिक १२, उणे ४, उणे ३. बेरीज शून्य. शून्याखाली दोनदा रेघ ओढली होती, आणि ती खोडलीही होती.

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. सरासरीपासूनच्या फरकांची बेरीज नेहमी शून्यच येते. अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून तर आपण फरकांचे वर्ग करतो. वर्ग केला की उणे उरत नाही; मग त्या वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घेतो. माझ्या पाठात मी ‘आता वर्ग करा’ एवढं एकच वाक्य बोलून पुढे गेले होते. वर्ग का करायचे, हे सांगितलंच नव्हतं. वर्गात असते तर समोरच्या कपाळावरची आठी बघून थांबले असते. कॅमेऱ्याला कपाळ नसतं.

मी लिहिलं, ‘तुमचं बरोबर आहे. माझं सांगणं अपुरं होतं.’ आणि कारण समजावलं. सकाळी उत्तर आलं : ‘७.२९. म्हणजे चाळिसाच्या आसपास सातेक प्रवासी कमीजास्त.’ इतका नेमका अर्थ माझ्या पाठात कुठेच नव्हता.

त्या दिवशी मला जे कळलं, तेच सांगायला आज मी उभी आहे. पाठ पाहणं म्हणजे शिकणं नव्हे आणि पाठ मुद्रित करणं म्हणजे शिकवणं नव्हे. विद्यार्थ्याचा अडलेला कागद कुणीतरी पाहतं आणि त्याला उत्तर देतं, तिथे शिक्षण घडतं.

दुरून शिकवणं आपल्याला नवं नाही. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद झालं. तिथे घरी वाचायची पुस्तकं होती, पण त्याबरोबर गावोगाव अभ्यासकेंद्रं होती, संपर्क सत्रं होती. आणि शिक्षकासाठी एक सुरेख शब्द होता, समंत्रक. पुस्तक घरी पोहोचलं तरी माणूस लागतो, हे त्या रचनेनेच मान्य केलं होतं.

मग पडदा आला. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘एनपीटेल’ प्रकल्पातून आयआयटींचे पाठ सर्वांना खुले होऊ लागले, २०१७ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांचं ‘स्वयम्’ सुरू झालं. तालुक्याच्या गावातली मुलगी नामवंत प्राध्यापकाचा पाठ विनाशुल्क ऐकू लागली. ही लहान गोष्ट नाही, तिचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. पण २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग जगाला खुला केला, तेव्हा नावं नोंदवली सुमारे १ लाख ६० हजारांनी आणि शेवटापर्यंत पोहोचले त्यातले थोडे. मधेच थांबलेले सगळे काही आळशी नसतात. त्यातल्या कितीजणांचं उत्तर शून्य आलं असेल आणि विचारायला कुणी नसेल!

२०२० च्या टाळेबंदीत आपण हे घरोघरी पाहिलं. एक फोन आणि तीन भावंडं. रेंजसाठी टेकडीवर बसलेली मुलं. काळ्या चौकोनांकडे बघत बोलणारे शिक्षक. त्या दिवसांनी ऑनलाइन शिक्षणाचं नाव खराब केलं असं लोक म्हणतात. माझ्या मते त्या दिवसांनी एवढंच दाखवलं, की तास पडद्यावर नेता येतो, पण उत्तर देणारं माणूस त्याच्यासोबत आपोआप जात नाही. त्याची सोय वेगळी करावी लागते.

म्हणून विद्यापीठाकडे एक मागणं मागते. दर वर्षी किती प्रवेश झाले हे आपण अभिमानाने जाहीर करतो. एका समंत्रकामागे किती विद्यार्थी आहेत, तेही जाहीर करू या. स्वाध्याय किती दिवसांत तपासून परत जातो, तेही सांगू या. या दोन आकड्यांवर ऑनलाइन पदवीचा कस ठरतो.

आणि तुमच्याकडेही एक मागणं आहे. तुम्ही रात्रपाळी करून, मुलं निजल्यावर, एसटीच्या थांब्यावर बसून शिकलात. अडल्यावर कसं वाटतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? उद्या तुम्ही कार्यालयात, शाळेत, दवाखान्यात, शेतात काम कराल. पुढचं शिक्षणही बहुधा पडद्यावरच घ्याल. तिथे आपला अडलेला कागद लपवू नका. त्या वाहकांनी रेघ खोडली, पण फोटो पाठवला. न पाठवता ते झोपले असते, तर त्यांना त्यांचं उत्तर मिळालं नसतं आणि मला माझी चूक कळली नसती.

तुमच्या गल्लीतही कुणीतरी फोन हातात धरून शिकत असेल. एखाद्या रात्री ते तुमच्याकडे येईल आणि म्हणेल, ‘मला हे जमणार नाही.’ तेव्हा त्याला नवा व्हिडिओ पाठवू नका. शेजारी बसा आणि म्हणा, ‘कुठपर्यंत आलंय, दाखव.’

आज तुमच्या हाती पडलेल्या पदवीचं एवढं ऋण फेडा.