चार घरांचे गणित

(भोंगवली येथे मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या पावसाळ्यात कातकरी वस्तीवरच्या एका मावशींना घेऊन मी पुण्याला सीटी स्कॅनसाठी गेले. चालताना त्यांचा तोल जायचा. यंत्रापाशी त्यांनी माझा हात घट्ट धरला. “ताई, कापणार न्हाईत ना?” कुणी कापले नाही, तरी डोक्यातली गाठ दिसली. ऑपरेशन झाले. आज मावशी नातवंडांत आहेत.

न कापता आतले दिसते कसे? आपल्या मंडळीतली एक मुलगी गणितात एम.एस्सी. करून आता याच विषयात पीएच.डी. करते आहे. मे महिन्यात ती वस्तीवर आली, तेव्हा मी तिला हेच विचारले. तिने फळ्यावर दोनावर दोन अशी चार घरे आखली आणि मुलांना म्हणाली, “यांत आकडे लपलेत. आडव्या ओळींच्या बेरजा ४ आणि ६. उभ्या ओळींच्या ५ आणि ५. ओळखा!”

मुलांची उत्तरे वेगवेगळी आली आणि एकापेक्षा जास्त बरोबर निघाली. मग तिने तिरपी बेरीज सांगितली : वरचे डावे आणि खालचे उजवे घर मिळून ७. आता एकच उत्तर उरले. वर ३ आणि १, खाली २ आणि ४.

सीटी स्कॅन हेच करतो. क्ष-किरण वाटेत एकूण किती अडला, ती एक बेरीज. यंत्र भोवती फिरून शेकडो बाजूंनी अशा बेरजा घेते आणि दोन लाखांहून अधिक घरांचे चित्र भरते. हे शक्य आहे, असे योहान राडोन यांनी १९१७ मध्ये सिद्ध केले. १९७१ मध्ये लंडनला पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. त्याच वर्षी आपल्या देशातले जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी हा हिशेब सोपा करणारी रीत प्रसिद्ध केली. कमी किरणांत तितकेच स्पष्ट चित्र कसे मिळवावे, हे आपली मुलगी शोधते आहे.

त्या दिवशी उत्तर सर्वांत आधी दिले ते सहावीतल्या एका कातकरी मुलीने. दिवाळीनंतर तिचे आईवडील वीटभट्टीवर जातील. तीही गेली, तर वर्ष बुडेल.

“यांची पोरे शाळेत टिकत नाहीत,” असे आपण सहज म्हणतो. ही एका बाजूची बेरीज झाली. इशायाच्या घरी शमुवेलही आधी थोरल्याची उंचीच पाहून भुलला होता. धाकटा दावीद मेंढरांमागे होता, त्याला बोलावून आणावे लागले.

आईवडील परत येईपर्यंत या मुलीला गावात राहायला एक घर हवे आहे. तिचे आईवडील तयार आहेत. कोण पुढे येईल? सभा संपल्यावर मला भेटा.

प्रभू तुमचे भले करो.